स्वादुपिंडातली एसपीएन गाठ: तपासण्या, शस्त्रक्रिया आणि एन्झाइम कॅप्सूल यांचा परखड आढावा

पंचविशीतल्या मुलीच्या पोटाच्या सोनोग्राफीत स्वादुपिंडाजवळ अर्धी घट्ट, अर्धी पातळ अशी गाठ दिसते आणि रिपोर्टच्या शेवटी ‘पुढील तपासणी आवश्यक’ एवढंच लिहिलेलं असतं. इथून पुढे घरच्यांसमोर सेवांची रांग लागते: सीटी, एमआरआय, पेट स्कॅन, ट्यूमर मार्करचं पॅकेज, एंडोस्कोपीतून बायोप्सी, दोन-तीन सर्जनची वेगवेगळी मतं. त्या सगळ्या सेवा इथे एकाच निकषावर तपासल्या आहेत: सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम, म्हणजे एसपीएन, या गाठीचा निर्णय घ्यायला त्यांचा उपयोग किती? दुसऱ्या आजारात नावाजलेली तपासणी इथे कुचकामी ठरू शकते.

आधी गाठीबद्दल थोडक्यात. व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी १९५९ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून जुन्या रिपोर्टांत ‘फ्रांट्झ ट्यूमर’ असंही लिहिलेलं सापडतं. स्वादुपिंडाच्या गाठींमध्ये हिचा वाटा जेमतेम १ ते २ टक्के. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया, त्याही बहुतेक विशी-तिशीतल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती कमी तीव्रतेची पण कर्करोगच आहे. पूर्ण काढली तर पाच वर्षांनंतर ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात असतात. म्हणून ‘साधी गाठ आहे, बघू पुढे’ हे चूक, आणि ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर’ ऐकून दुसऱ्याच दिवशी मिळेल त्या टेबलावर झोपणंही चूक. गाठ सावकाश वाढते. योग्य तपासणी आणि योग्य सर्जन शोधायला काही आठवडे हाताशी असतात, ते वापरावेत. पोटावर मार बसून गाठ फुटली, आत रक्तस्राव झाला, कावीळ झाली किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र ही सवलत नाही.

<b>सीटी: नाव एकच, सेवा दोन</b>

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ‘होल अ‍ॅब्डोमेन सीटी’ आणि ‘पॅनक्रियाटिक प्रोटोकॉल सीटी’ या दोन निराळ्या तपासण्या आहेत. पहिलीत बहुतेक वेळा कॉन्ट्रास्ट (चित्रात रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिल्यानंतर साधारण ७० सेकंदांनी एकदाच चित्रं घेतात. गाठ आहे हे त्यात कळतं, पण ती कोणत्या रक्तवाहिनीला किती चिकटली आहे आणि तिचा घट्ट भाग कॉन्ट्रास्ट कसा घेतो, हे नीट कळत नाही. दुसरीत आधी कॉन्ट्रास्टशिवाय एक फेरी होते (आतलं ताजं रक्त आणि कडेचं कॅल्शियम त्यात उठून दिसतं), मग ३५ ते ५० सेकंदांच्या दरम्यान स्वादुपिंडाचा टप्पा आणि ६५ ते ८० सेकंदांच्या दरम्यान शिरांचा टप्पा. काप ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत. तोंडाने पांढरं कॉन्ट्रास्ट न देता साधं पाणी प्यायला देतात, म्हणजे जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) यांची भिंत स्वच्छ दिसते.

कॉन्ट्रास्ट जोरात, सेकंदाला ३ ते ५ मिलिलिटर या वेगाने जातं. त्यासाठी हातात १८ किंवा २० गेजची सुई लागते. मनगटावर आधीच लावलेली बारीक निळी सुई चालवून घेतली की वेग कमी करावा लागतो आणि पहिला टप्पा फसतो. सुई बदलताना हे कारण कोणी सांगत नाही, म्हणून रुग्णाला वाटतं की उगीच दुसऱ्यांदा टोचलं. टोचू द्यावं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्तचाचणी), अ‍ॅलर्जीची माहिती आणि या वयोगटात गर्भधारणेची चाचणी, या तीन गोष्टी झाल्याशिवाय टेबलावर जाऊ नये.

चांगल्या रिपोर्टमध्ये गाठीची जागा (डोकं, मान, धड की शेपूट), तिन्ही दिशांतलं माप, भोवतीचं कवच अखंड आहे का, घट्ट आणि पातळ भागांचं प्रमाण, मुख्य नलिका फुगली आहे का, पोर्टल, सुपीरियर मेसेंटेरिक आणि स्प्लेनिक शिरांशी असलेलं नातं, यकृत आणि पोटाचा पडदा (पोटाच्या आतलं अस्तर) या सगळ्यांचा उल्लेख असतो. एसपीएन दहा सेंटिमीटरची झाली तरी नलिका बहुधा फुगत नाही. ती दाबते, घुसत नाही. लहान गाठ, विशेषतः ३ सेंटिमीटरखालची, पुष्कळदा नुसती घट्ट असते, ना कवच ना पाणी. तेव्हा ती न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसारखी (संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या गाठीसारखी) दिसते आणि अनुभवी रेडिऑलॉजिस्टही चकतो.

रिपोर्टमधल्या ‘स्यूडोसिस्ट’ (स्वादुपिंडाजवळ साचलेल्या द्रवाची पिशवी) या शब्दावर मात्र थांबायचं. स्यूडोसिस्ट होतो तो स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर किंवा पोटाला मार बसल्यावर. यातलं काहीच झालेलं नसेल, अमायलेज (स्वादुपिंडाचं एक एन्झाइम) नेहमी नॉर्मल असेल आणि गाठीत घट्ट भाग असेल, तर तो शब्द मान्य करू नये. या चुकीची किंमत मोठी आहे. स्यूडोसिस्ट समजून एंडोस्कोपीने जठरात वाट करून दिली किंवा बाहेरून नळी घातली की गाठीचं कवच फुटतं, पेशी पोटात सांडू शकतात आणि सोपी ठरली असती ती शस्त्रक्रिया चिकटलेल्या जागेत करावी लागते.

सीटी झाल्यावर फिल्मवर समाधान मानू नका. डायकॉम स्वरूपातली मूळ चित्रं सीडीवर किंवा लिंकने मागून घ्या. सर्जनला फिल्मवरच्या टपाल तिकिटाएवढ्या चौकटींतून शीर मोजता येत नाही.

<b>एमआरआय, पेट आणि रक्ताची पॅकेजेस</b>

एमआरआयचं बलस्थान म्हणजे रक्त ओळखणं. गाठीत झिरपलेलं जुनं रक्त टी१ नावाच्या चित्रात चमकतं, कवच टी२ या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात काळ्या कडेसारखं दिसतं आणि कधी कधी आत पातळ-घट्ट थरांची रेषा आडवी उमटते. तरुणीच्या स्वादुपिंडात हे चित्र दिसलं की निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही. बरोबर एमआरसीपी (एमआरआयवरच काढलेलं पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांचं चित्र) केली तर गाठ आणि मुख्य नलिका यांतलं अंतरही कळतं. तोटा एवढाच की साधारण अर्धा तास ते पाऊण तास आडवं पडावं लागतं आणि पंधरा-वीस सेकंद श्वास धरून ठेवावा लागतो. श्वास सुटला की चित्र हललं. सीटी नीट झालेली असेल आणि शंका नसेल तर एमआरआय शस्त्रक्रियेआधी हवीच असं नाही. पुढच्या फॉलोअपसाठी मात्र तिला पहिली पसंती.

पेट स्कॅन सुरुवातीला करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एसपीएन कमी तीव्रतेची असूनही साखरेचा ट्रेसर भरपूर ओढते. रिपोर्टमध्ये मोठा आकडा येतो, घरात रडारड होते, आणि त्या आकड्यावरून गाठ किती आक्रमक आहे हे मुळीच ठरत नाही. न्यूरोएंडोक्राइन की एसपीएन असा खरा पेच असेल तर गॅलियम डोटाटेट पेटचा (वेगळा ट्रेसर वापरणाऱ्या पेट स्कॅनचा) उपयोग होऊ शकतो. त्यात न्यूरोएंडोक्राइन गाठी सहसा उजळतात, एसपीएन सहसा नाही.

ट्यूमर मार्करचं (गाठीमुळे रक्तात वाढणाऱ्या पदार्थांच्या चाचण्यांचं) पॅकेज सोडून द्या. सीए १९-९ आणि सीईए या गाठीत बहुतेक नॉर्मलच असतात, त्यामुळे नॉर्मल आल्याने काही सुटत नाही. त्यात पित्तनलिका दबून कावीळ झाली असेल तर सीए १९-९ त्या कारणानेही वाढतं.

<b>ईयूएस बायोप्सी: प्रत्येकीला नको</b>

तरुण मुलगी, ठसठशीत चित्र, काढता येण्याजोगी गाठ: अशा वेळी पुष्कळ केंद्रं बायोप्सीशिवाय थेट शस्त्रक्रियेला जातात, आणि ते योग्यच आहे. बायोप्सी लागते ती गाठ लहान किंवा वेगळ्या वळणाची असेल, रुग्ण पुरुष किंवा वयस्क असेल, किंवा उत्तरावर पुढचा मार्ग बदलणार असेल तेव्हा. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडने (ईयूएस, म्हणजे तोंडावाटे आत नेलेल्या दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी) धड-शेपटीतल्या गाठीत जठरातून आणि डोक्यातल्या गाठीत ड्युओडेनममधून सुई जाते. पोटाच्या भिंतीतून बाहेरून सुई घालणं टाळावं, पेशी सुईच्या वाटेवर पसरण्याचा धोका असतो.

सेवा पारखायची तर दोन प्रश्न पुरतात. सुई कोर (अखंड बारीक तुकडा) काढणारी आहे का? आणि नमुना घट्ट भागातून घेणार ना? पातळ भागातून निघतं ते जुनं रक्त आणि मेलेल्या पेशींचा गाळ, त्यावरून निदान होत नाही. नुसत्या काचेवर पसरलेल्या पेशीही अपुऱ्या पडतात. पुढच्या रंगचाचण्यांसाठी (पेशींतली प्रथिनं रंगवून पाहण्यासाठी) सेल ब्लॉक (मेणात बसवलेल्या पेशी) किंवा तुकडा हवा. प्रक्रियेनंतर वरच्या पोटात वाढत जाणारी, पाठीकडे सरकणारी दुखणी लागली तर ती गॅस समजून घरी सोसायची नाही. स्वादुपिंडाला सूज आली आहे का हे त्याच दिवशी बघावं लागतं.

<b>पॅथॉलॉजी: सगळा खेळ इथे ठरतो</b>

एवढ्या साखळीत ज्या सेवेला सगळ्यात कमी लक्ष मिळतं, ती हीच. निदानाचा कणा म्हणजे बीटा कॅटेनिन या प्रथिनाची रंगचाचणी. सीटीएनएनबी१ या जनुकात बिघाड झाल्यामुळे हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात साठतं, आणि एसपीएनमध्ये ते जवळजवळ नेहमीच दिसतं. पण रिपोर्टमध्ये नुसतं ‘बीटा कॅटेनिन पॉझिटिव्ह’ असेल तर तो रिपोर्ट अर्धवट आहे. निरोगी पेशीच्या आवरणावरही हे प्रथिन असतंच. ‘न्यूक्लिअर पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं हवं. त्याच्या जोडीला अशाच रंगचाचण्यांत ई-कॅडहेरिन आवरणावरून गेलेलं, सीडी १०, सीडी ५६, व्हायमेंटिन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर पॉझिटिव्ह, सीडी ९९ केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखं आणि क्रोमोग्रानिन निगेटिव्ह, असा संच जमला की प्रश्न मिटतो. एलईएफ१ ही रंगचाचणीही केली असेल तर उत्तमच.

सापळा सिनॅप्टोफिझिन या चाचणीचा आहे. एसपीएनमध्ये ते कुठे कुठे पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि सीडी ५६ तर येतंच. या दोनच चाचण्या करून ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ असा शिक्का मारलेले रिपोर्ट दुर्मीळ नाहीत. त्यातून मग या गाठीला गरज नसलेली इंजेक्शनं सुरू होतात. लहान मुलीत पॅनक्रियाटोब्लास्टोमा आणि मोठ्यांत असायनर सेल कार्सिनोमा हे स्वादुपिंडाचे दुसरे कर्करोगही डोक्यात ठेवावे लागतात. त्यांच्यासाठी ट्रिप्सिन आणि बीसीएल१० करतात, एसपीएनमध्ये ती निगेटिव्ह असतात.

दुसरं मत घ्यायचं तर रिपोर्टची झेरॉक्स पाठवून भागत नाही. पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा), किंवा ब्लॉक देता येत नसेल तर रंग न दिलेल्या दहा-पंधरा चार्ज्ड स्लाइड (नमुना घट्ट धरणाऱ्या काचा), मूळ रंगवलेल्या स्लाइड, गाठीच्या बाह्य वर्णनाचा रिपोर्ट आणि स्कॅनची सीडी, हे सगळं एकत्र द्यावं. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तर मेण मऊ पडतं. डबीत बंद करून सावलीत न्यावा.

शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्ये कडा मोकळ्या आहेत का, कवच शाबूत होतं का, कि-६७ (पेशी किती वेगाने वाढतात याचा आकडा) किती आणि लसिका ग्रंथी किती तपासल्या, हे पाहावं. मोठी गाठ न चिरता तशीच फॉर्मॅलिनच्या लहान बरणीत कोंबली की आतला भाग सडतो आणि चाचण्या फसव्या येतात. गाठीच्या किमान दहापट फॉर्मॅलिन आणि वेळेवर दिलेला छेद, ही काळजी ऑपरेशन थिएटर आणि लॅब यांनी मिळून घ्यायची असते.

<b>शस्त्रक्रिया: सर्जनला काय विचारावं</b>

शेपटी किंवा धडातल्या गाठीसाठी डिस्टल पॅनक्रियाटेक्टॉमी (स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग काढणं), डोक्यातल्या गाठीसाठी व्हिपल (डोकं आणि ड्युओडेनम काढून उरलेलं आतड्याला जोडणं), मधल्या लहान गाठीसाठी कधी सेंट्रल पॅनक्रियाटेक्टॉमी (फक्त मधला भाग काढणं). फक्त गाठ सोलून काढणं, म्हणजे एन्यूक्लिएशन, ऐकायला हलकं वाटतं. पण कवच फाटण्याची भीती आणि नलिकेच्या जवळ काम केल्याने गळतीचं वाढलेलं प्रमाण पाहता ते या गाठीसाठी आम्हाला पटत नाही. लसिका ग्रंथींत ही गाठ क्वचितच जाते, त्यामुळे ग्रंथींची मोठी साफसफाई करण्याचं कारण नाही. शिरेला चिकटलेली आहे म्हणून ‘काढता येणार नाही’ असं सांगितलं गेलं, तर ते उत्तर शेवटचं मानू नका. शिरेचा तुकडा काढून जोडणाऱ्या केंद्राला दाखवा. यकृतात डाग असले तरीही या आजारात शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि तो फळतो. दुर्बिणीतून काढायला हरकत नाही. अट एकच, गाठ न फोडता पिशवीत घालून बाहेर यावी.

तरुण रुग्णात प्लीहा वाचवणं महत्त्वाचं. किमुरा पद्धतीत प्लीहेच्या रक्तवाहिन्या सोडवून जपतात. वॉरशॉ पद्धतीत त्या कापतात आणि प्लीहा जठराकडून येणाऱ्या लहान वाहिन्यांवर जगते. दुसरी जलद होते, पण प्लीहेचा काही भाग मरणं आणि पुढे जठराभोवती शिरा फुगणं, हे तिचे ज्ञात तोटे आहेत. प्लीहा जाण्याची शक्यता असेल तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या जंतुसंसर्गांविरुद्धच्या लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायच्या. तारीख ठरवतानाच ही गोष्ट काढावी, नाहीतर आदल्या दिवशी आठवण होते. प्लीहा काढलेल्या व्यक्तीला नंतर कधीही थंडी वाजून ताप आला तर तासाभरात दवाखाना गाठायचा.

केंद्र निवडताना ‘वर्षाला स्वादुपिंडाच्या किती शस्त्रक्रिया होतात’ हा पहिला प्रश्न. दुसरा कोणी विचारत नाही, पण तो तितकाच मोलाचा: रात्री दोन वाजता इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी (स्कॅन बघत नळी घालणं, रक्तस्राव थांबवणं अशी सेवा) उपलब्ध असते का? कारण या शस्त्रक्रियेत टाके सुरेख पडले तरी कापलेल्या कडेतून रस गळू शकतो. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पाण्यातलं अमायलेज रक्तातल्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं तर गळती धरतात. पुष्कळदा ती फक्त आकड्यापुरती असते आणि ड्रेन थोडे दिवस जास्त ठेवून निभावते. ताप, पोटात साचलेलं पाणी, जास्तीची नळी, हे पुढचे टप्पे. खरा धोका म्हणजे त्या रसाने शेजारची धमनी पोखरली जाणं. तो आठवड्या-दोन आठवड्यांनीही उद्भवू शकतो. त्याची चाहूल बहुधा ड्रेनमध्ये आलेल्या थोड्याशा लाल रक्ताने लागते, आणि ते आपोआप थांबतंही. थांबलं म्हणून स्वस्थ बसणाऱ्या वॉर्डपेक्षा त्याच क्षणी सीटी अँजिओग्राफीला (रक्तवाहिन्यांच्या सीटीला) पाठवणारा वॉर्ड निवडावा.

<b>एन्झाइम कॅप्सूल</b>

व्हिपलनंतर पुष्कळांना आणि डिस्टलनंतर काहींना पॅनक्रिएटिनच्या (स्वादुपिंडाच्या पाचक एन्झाइमच्या) कॅप्सूल लागतात. औषध चांगलं आहे. बदनाम होतं ते चुकीच्या वापरामुळे. पाकिटावरचा १०,०००, २५,००० किंवा ४०,००० हा आकडा लायपेज या चरबी पचवणाऱ्या एन्झाइमच्या युनिटचा असतो. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाबरोबर साधारण ४०,००० ते ५०,००० आणि मधल्या खाण्याबरोबर २०,००० ते २५,००० पासून सुरुवात करतात. ‘दिवसातून तीनदा एक’ असं १०,०००ची कॅप्सूल लिहून देणं म्हणजे औषध दिल्यासारखं करणं.

कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची. जेवण लांबणार असेल तर अर्ध्या सुरुवातीला, अर्ध्या मध्ये. उपाशीपोटी किंवा जेवण उरकल्यावर घेतलेली वाया जाते. आतले दाणे चावायचे नाहीत, आम्लापासून वाचवणारं त्यांचं आवरण तुटतं आणि तोंडही सोलवटतं. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे थंड, आंबटसर मऊ पदार्थावर टाकून लगेच गिळावेत, गरम पेयात कधीच नाही. २५ अंशांखाली ठेवावी. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं, ज्यांना अडचण असेल त्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलावं.

मळ फिका, तेलकट, पाण्यावर तरंगणारा आणि उग्र वासाचा असेल, वजन उतरत असेल, तर डोस कमी पडतोय. डोस वाढवूनही फरक नसेल तर पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी जोडून बघतात. मळातलं इलास्टेज (स्वादुपिंडाचं आणखी एक एन्झाइम) प्रतिग्रॅम २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता धरतात. या चाचणीसाठी कॅप्सूल बंद करायची गरज नाही, ती फक्त माणसाचं इलास्टेज मोजते. पातळ जुलाबाचा नमुना मात्र देऊ नये, आकडा खोटाच कमी येतो.

<b>फॉलोअप</b>

परतून येण्याचं किंवा पसरण्याचं प्रमाण साधारण १० ते १५ टक्के, बहुधा यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर. दहा वर्षांनंतर परतल्याच्याही नोंदी आहेत, त्यामुळे ‘पाच वर्षं झाली, आता सुटलो’ हा हिशेब इथे लागू नाही. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा स्कॅन, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तरुण वय लक्षात घेता दरवेळी सीटीऐवजी एमआरआय मागावी. फाटलेलं कवच, मोकळ्या नसलेल्या कडा किंवा चढा कि-६७ असेल तर अंतर आणखी कमी ठेवतात. वर्षातून एकदा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा) आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्यावं. स्वादुपिंडाचा तुकडा गेल्यावर मधुमेह लगेचच येतो असं नाही, काहींना तो काही वर्षांनी गाठतो. गर्भधारणेचा विचार असेल तर त्याआधीचा स्कॅन ताजा असू द्या: या गाठीच्या पेशींवर प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर असतात, आणि गर्भारपणात स्कॅनचे पर्याय कमी होतात.